दाणेदार पोर्ट्रेट

पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत जो मऊ उजेड मिळतो, तो पोर्ट्रेटसाठी मला मुंबईत सर्वांत आवडतो. पण फोनवर काढलेल्या फोटोत गाल तुकतुकीत होऊन जातात. नॉइज, म्हणजे फोटोत येणारे नको असलेले ठिपके, पुसताना सॉफ्टवेअर त्वचेचा पोतही पुसून टाकतं. मग फिल्मच्या ग्रेनची, म्हणजे तिच्या दाणेदार पोताची आठवण येते, ॲपमधला स्लायडर सरकतो, आणि बहुतेक वेळा चेहरा वेगळा नि दाणे वेगळे दिसतात.

असं का होतं, हे फिल्मच्या रसायनात आहे. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइड या चांदीच्या प्रकाशसंवेदी संयुगाचे स्फटिक असतात, साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आगेमागे. काही फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले गेले की स्फटिकावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. तेवढ्या आधारावर डेव्हलपर हे रसायन अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करतो. ज्यावर पुंजका नाही, तो स्फटिक फिक्सर या दुसऱ्या रसायनात विरघळतो. म्हणजे कृष्णधवल निगेटिव्हमध्ये करडी छटा अशी नसतेच, काळे कण कुठे दाट असतात, कुठे विरळ. दिवाळीतल्या प्रदर्शनात रांगोळीनं काढलेलं व्यक्तिचित्र आठवा: रांगोळी झाडून टाकली, तर खाली चेहरा उरत नाही. फिल्मचंही तसंच. ग्रेन चित्रावर पडलेला नसतो, चित्रच त्याचं असतं.

एकटा कण डोळ्यांना दिसत नाही. थराच्या खोलीत ते कसेही एकमेकांवर येतात आणि त्यांच्या गुठळ्या आपल्याला ग्रेन म्हणून दिसतात. कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मला मोठे स्फटिक लागतात, म्हणून १९५४ पासून ३५ मिमीमध्ये मिळणाऱ्या कोडॅकच्या ट्राय-एक्ससारख्या वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मचा ग्रेन ठळक. रंगीत फिल्ममध्ये चांदी काढून टाकतात. मागे रंगद्रव्याचे मऊ कडांचे ठिपके राहतात.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरचा नॉइज निराळा. पिक्सेल रांगेत बसलेले असतात आणि प्रत्येक जण फोटॉन मोजतो. मोजणीतला चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो: १०,००० फोटॉनांमागे १००, म्हणजे १ टक्का, १०० फोटॉनांमागे १०, म्हणजे १० टक्के. त्यामुळे नॉइज सावल्यांत गर्दी करतो, तोही रंगीबेरंगी. फिल्मच्या प्रिंटवर ग्रेन मुख्यतः मधल्या छटांत जाणवतो, आणि आपल्याकडचे गव्हाळ-सावळे वर्ण नेमके तिथेच येतात.

म्हणून आधी रंगीत नॉइज काढावा. मग फोटोशॉपमध्ये ५० टक्के करड्या रंगाचा लेयर ओव्हरले मोडमध्ये (यात तो करडा स्वतः दिसत नाही) घेऊन त्यावर एकरंगी गाउशियन नॉइज द्यावा आणि तो किंचित ब्लर करावा, म्हणजे दाणा पिक्सेलच्या चौकटीतून सुटतो. गडद काळ्यात आणि लख्ख पांढऱ्यात ओव्हरलेचा परिणाम आपोआप उतरतो. मागच्या भिंतीवर छटांचे पट्टे पडले असतील, तर तेही या नॉइजमुळे मोडतात.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेनसाठी अमाउंट (प्रमाण), साइज (आकार) आणि रफनेस (खडबडीतपणा) असे तीन स्लायडर आहेत. लोक अमाउंटशी खेळत बसतात. खरी गंमत साइजमध्ये आहे, कारण निगेटिव्ह जितकं मोठं करू, तितका ग्रेनही मोठा दिसतो. ३५ मिमी निगेटिव्हवरून ८ × १० इंची प्रिंट करायची, तर साडेआठ पट मोठं करावं लागतं. ४ × ५ इंची निगेटिव्हवरून फक्त दुप्पट. १९२८ मध्ये बॅलार्ड इस्टेटमध्ये हॅमिल्टन स्टुडिओ सुरू झाला, त्या जमान्यातली स्टुडिओ पोर्ट्रेट मोठ्या निगेटिव्हवरची असत, म्हणून त्यांत ग्रेन जवळजवळ दिसत नाही. तसा भारदस्त स्टुडिओ पोर्ट्रेट करायचा असेल, तर ग्रेन जवळपास नकोच. जाड दाणा छोट्या कॅमेऱ्यानं, कमी उजेडात टिपलेल्या चेहऱ्याचा आहे.

क्रॉप आणि अंतिम आकार ठरल्यावरच ग्रेन घालावा. फोटो लांबी-रुंदीला निम्मा केला, की चार पिक्सेलांची सरासरी होऊन एक पिक्सेल उरतो आणि सुटा नॉइज निम्म्यावर येतो. उरलेला बारीक पोत फाइल लहान करताना जेपेग खातो. व्हिडिओत हाच प्रश्न २०१८ च्या एव्ही१ कोडेकनं (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या पद्धतीनं) छान सोडवला: ग्रेन काढून फक्त त्याचं मोजमाप पाठवायचं आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर तो नव्यानं तयार करायचा. फोटोला ही सोय सहसा नसते. म्हणून सोशल मीडियासाठी एक प्रत आणि प्रिंटसाठी दुसरी, दोन्हींचा ग्रेन वेगळा. प्रिंटचा ग्रेन १०० टक्के झूमवर ठरवू नका; छोटा तुकडा छापून हातभर अंतरावरून पाहा.