थंड झालेला धूर

निपाणी स्टँडच्या कट्ट्यावर शेजारी एक मामा बिडी ओढत बसले होते आणि धूर थेट माझ्या नाकावर येत होता. जरा तिकडं तोंड करा म्हटलं, तर म्हणाले, "बाहेर सोडला की थंड हुतोय धूर. थंड धुरानं काय हुतंय ओ?" वर, घरी जाऊन गुळाचा खडा खा, छाती साफ हुतीय, हा सल्लाही मिळाला. गूळ जातो पोटात, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ कुठं पडणार? पण थंड धुराचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण रसायनशास्त्र नेमकं उलटं सांगतं.

तंबाखूचं पान जळताना रेणू तुटतात. दोन अणूंना जोडणारा बंध मधोमध तुटला की दोन्ही तुकड्यांकडं एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. असा तुकडा म्हणजे मुक्त मूलक, म्हणजेच रॅडिकल. १९२९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ पानेथ यांनी काचेच्या नळीतून मिथाइल रॅडिकल, म्हणजे एक हायड्रोजन गमावलेला मिथेन, वाहवले. नळीच्या आतल्या भिंतीवरचा शिशाचा आरसा, म्हणजे चकचकीत पातळ थर, ते खाऊन टाकायचे, पण आरसा लांब नेला की खाणं मंदावायचं. वायूचा वेग माहीत होता, त्यावरून आयुष्य निघालं: सेकंदाचे काही सहस्रांश.

सगळे रॅडिकल सारखेच उतावळे नसतात. मिथेनचा हायड्रोजन तोडायला मोलमागे (रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते, प्रोपीन या तीन कार्बनांच्या वायूच्या मिथाइल टोकाचा सुमारे ३६९ मध्ये सुटतो. कारण तिथं उरलेला एकटा इलेक्ट्रॉन दोन कार्बनांवर पसरून बसतो. तो रॅडिकल स्थिर खरा, पण दीर्घायुषी नव्हे. हवेत ऑक्सिजन त्याला आणि मिथाइललाही सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आतच गाठतो.

मग कोडं असं, की रसायनशास्त्रज्ञ विल्यम प्रायर यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत टार (धुरातला चिकट, काळपट भाग) गाळून काढलेल्या सिगारेटच्या धुरात काही मिनिटांनंतरही रॅडिकल सापडत होते. धूर शिळा होताना सुरुवातीला तर ते वाढत होते!

ते जुने नव्हतेच. स्टँडवर गर्दी दिवसभर दिसते, पण माणसं तीच नसतात, तसं. पानातल्या नायट्रेटमधून नायट्रिक ऑक्साइड निघतो. त्याचे दोन रेणू नि ऑक्सिजनचा एक मिळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा धुरातल्या आयसोप्रीन नावाच्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगातल्या दुहेरी बंधाला चिकटला की नवा रॅडिकल जन्मतो, त्यावर ऑक्सिजन बसून पेरॉक्सी रॅडिकल होतो. तो आणखी नायट्रिक ऑक्साइडला गाठून पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो, की चक्र परत चालू. सिगारेट न पेटवता, नुसते हे वायू हवेत मिसळूनही असेच रॅडिकल मिळाले.

आता मामांचं 'थंड'. बहुतेक अभिक्रिया तापवल्या की वेग घेतात. नायट्रिक ऑक्साइडची ऑक्सिजनबरोबरची ही मात्र थंडीत वेगानं होते. त्याचे दोन रेणू आधी क्षणभर सैल जोडी जमवतात, मग ऑक्सिजन येतो, असं याचं एक स्पष्टीकरण. उष्णतेत ती जोडी ऑक्सिजन यायच्या आधीच फुटते. म्हणजे धूर निवला की कारखाना बंद पडत नाही, नीट चालू होतो.

मामांच्या बाजूनं एकच गोष्ट होती, उघडं स्टँड आणि वारा. या पायरीचा वेग नायट्रिक ऑक्साइडच्या दाटीच्या वर्गावर (दाटी गुणिले दाटी) चालतो. धूर दुप्पट जागेत पसरला की त्या वायूची दाटी निम्मी, वेग चौथाई. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर संकेश्वरची गाडी लागली. मामांनी अर्धी बिडी कट्ट्यावर घासून विझवली, कानावर ठेवली आणि चढले.