टेम्पेस्ट घ्यावं का? विचारणाऱ्या सगळ्या ग्राहकांसाठी

हे पत्रक आम्ही थोडं कंटाळूनच छापलं आहे, हे आधीच कबूल करतो. काउंटरमागच्या कपाटात एक टेम्पेस्ट ड्रम मशीन, म्हणजे ड्रमचे ठेके वाजवणारं यंत्र, ठेवलेलं आहे. त्याचे सोळा पॅड उजळलेले दिसले की कोणीतरी थांबतंच. मग ठरलेला प्रश्न येतो, "एक जण म्हणतो असं मशीन पुन्हा होणार नाही, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. खरं कोणाचं?" खरं दोघांचंही. पण ते गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून हा कागद. वाचा, मग मशीन लावून देतो.

हे कोणी केलं

टेम्पेस्ट २०११ साली अमेरिकेत निघालं. ते डेव्ह स्मिथ आणि रॉजर लिन या दोघांनी मिळून केलं. स्मिथ म्हणजे १९७८ च्या प्रॉफेट-५ सिंथेसायझरचे (सर्किटमधून सूर तयार करणाऱ्या वाद्याचे) कर्ते. तुमचा कीबोर्ड कॉम्प्युटरशी ज्या मिडी नावाच्या जोडणीवरून बोलतो, ते १९८३ मध्ये बाजारात आणणाऱ्यांतही त्यांचं नाव पहिल्या ओळीत. लिन यांनी १९८० साली एलएम-१ काढलं. खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून ते वाजवणारं हे पहिलं ड्रम मशीन. पुढे १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० सुद्धा त्यांचंच; त्यात हवे ते आवाज रेकॉर्ड करून पॅडवर वाजवता येत. अशी दोन माणसं एकत्र आल्यावर लोकांच्या अपेक्षा किती वाढल्या असतील ते सांगायला नको. निम्मी नाराजी तिथेच पेरली गेली, असं आमचं मत.

किंमत होती १,९९९ डॉलर. त्या वेळच्या दराने आपल्याकडे लाखाच्या घरात, कस्टम ड्युटी आणि कुरिअर वेगळं.

ॲनालॉग म्हणजे काय

टेम्पेस्ट मुख्यतः ॲनालॉग आहे, म्हणून आधी हे समजून घ्या. ऑक्टापॅडवर काठी मारली की आत साठवलेला आवाज वाजतो. ढोलकी कोणीतरी कधीतरी वाजवलेली असते, तुम्ही फक्त तिला हाक मारता. ॲनालॉग मशीनमध्ये आत काहीच साठवलेलं नसतं. आवाज दर वेळी सर्किटमध्ये नव्याने तयार होतो. खालच्या पट्टीतला एक सूर सुरू करून क्षणात विझू दिला की किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका. सुरात सूं असा खरखराट मिसळला की स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा तडतडा ड्रम. जपानच्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधला काऊबेल (घंटेचा टणटण आवाज) म्हणजे शेजारीशेजारी वाजणारे दोन चौकोनी लहरींचे सूर, बस. आणि त्याची झांज तशाच सहा सुरांची भेळ करून ती गाळून काढलेली.

आता गंमत बघा. ८०८ सुद्धा १९८० सालचंच, एलएम-१ चं जुळं भावंड म्हणा. एलएम-१ पाच हजार डॉलरच्या आसपास, ८०८ बाराशेच्या आसपास. पण एलएम-१ मध्ये खरे ड्रम, त्यामुळे ८०८ खेळण्यासारखं वाटायचं. खपलंही बेताचंच, सुमारे बारा हजार नग, आणि १९८३ मध्ये बंद झालं. मग ते सेकंडहॅण्ड दुकानांत पडेल भावात मिळू लागलं आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या पोरांनी ते उचललं. त्यांना खरे ड्रम नकोच होते. खोल घुमत जाणारी ती खोटी किकच त्यांना हवी होती. आज जुन्या ८०८ ची किंमत ऐकून लोक आमच्याकडे पाहून हसतात.

आपल्या मुंबईतही हे मशीन तेव्हाच पोचलं होतं. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ च्या सुमारास ८०८ आणि रोलंडचेच दोन सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, एवढ्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. रेकॉर्ड निघाली आणि विसरली गेली. २०१० मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा परदेशातले लोक आ वासून ऐकत बसले.

खऱ्या ड्रमचे आवाज आणून ॲनालॉगला जुनाट ठरवणाऱ्यांत पहिले लिन. त्याच लिननी तीस वर्षांनी ॲनालॉग ड्रम मशीन करायला घ्यावं, हे आम्हाला अजूनही मजेशीर वाटतं.

आवडणारे काय म्हणतात

टेम्पेस्टमध्ये सहा आवाज एका वेळी वाजतात. प्रत्येक आवाजाला दोन ॲनालॉग ऑसिलेटर (सूर तयार करणारे), जोडीला दोन डिजिटल, स्वतःचा फिल्टर (आवाज गाळणारा), स्वतःचे एन्व्हलप (आवाज कसा चढतो, विझतो ते ठरवणारे). म्हणजे ड्रमचं सोंग घेतलेले सहा सिंथेसायझरच. एकच आवाज सोळा पॅडवर सोळा सुरांत पसरून धून वाजवता येते. रोलचं बटण धरून पॅड दाबत गेलात तर हाताच्या दाबाप्रमाणे रोल चढतो, उतरतो. सहाही आवाजांना मागे वेगळे जॅक आहेत, त्यामुळे मिक्सरवर किक वेगळी, हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी) वेगळी घेता येते.

प्रायोगिक नाटकांना संगीत देणारा एक मुलगा हे मशीन तीन दिवसांसाठी घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. दुकानातच त्याने हेडफोन आमच्या कानाला लावून दाखवलं. एका साध्या किकची पट्टी त्याने पॅडच्या दाबाला जोडली होती. बोटाने टकटक केली की कोरडा ठोका. ठोका मारून बोट तसंच रेटलं की सूर वर सरकायचा, डग्ग्यावर मनगट घासून घिस्सा काढावा तसा. डग्गा नव्हता तो, आणि त्याला डग्गा म्हणायचाही नव्हता. नाटकात तो रिकाम्या पिंपाचा आवाज म्हणून गेला.

न आवडणारे काय म्हणतात

पहिली तक्रार, आणि आपल्याकडे हीच सगळ्यात मोठी: स्वतःचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, आत घालता येत नाहीत. डिजिटल भागात कारखान्याने भरलेले आवाज आहेत, तेवढेच. लिनच्या नावावरून लोकांनी एमपीसी डोळ्यांपुढे आणलं होतं. मिळालं भलतंच. एका ऑर्केस्ट्रातले ऑक्टापॅडवाले काका शुक्रवारी भाड्याने घेऊन गेले आणि शनिवारी दुपारी बॅग काउंटरवर ठेवून म्हणाले, "यात हलगी कुठाय?" नाही. ताशाही नाही, संबळही नाही आणि घालताही येणार नाही. चूक आमची होती, आम्ही आधी विचारायला हवं होतं. त्यांचं भाडं परत केलं आणि त्या दिवसापासून भाड्याच्या फॉर्मवर पहिला प्रश्न "कशासाठी हवं आहे?" हा छापला.

दुसरी तक्रार सहा आवाजांची. बंद हॅट, उघडा हॅट, किक, स्नेअर, क्लॅप, काऊबेल झाले की जागा भरली. वर लांब घुमणारा सातवा आवाज मागितलात तर आधीच्यातला कोणीतरी गप्प होतो. स्टुडिओत थर चढवत रेकॉर्ड करणाऱ्याला याचं काही वाटत नाही. स्टेजवर मात्र लगेच जाणवतं.

तिसरी सॉफ्टवेअरची. मशीन बाजारात आलं तेव्हा सगळी कामं पूर्ण नव्हती. पुढची कित्येक वर्षं अपडेट येत राहिले आणि तरी काही जणांच्या यादीतल्या गोष्टी राहूनच गेल्या. ज्यांनी सुरुवातीला घेतलं, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आता मशीन बनणं थांबलं आहे, स्मिथ २०२२ मध्ये गेले. त्यामुळे जे समोर आहे तेच टेम्पेस्ट. आमच्या मते आज घेणाऱ्याला हे उलट बरं पडतं, कारण कोणाच्या आश्वासनावर पैसे मोजायचे नाहीत.

किक पुरेशी छातीवर आदळत नाही, असंही ऐकू येतं. इथे मात्र आम्ही वाद घालू. मशीन चालू केल्यावर पहिला तयार आवाज वाजवून हे मत बनवलेले बरेच जण पाहिले आहेत. तासभर नॉब फिरवा, मग बोलू. तासभर नॉब फिरवायची हौस नसेल, तर तोही एक निकालच आहे.

मग घ्यायचं कोणी

लग्न, गणपती, लावणी, ऑर्केस्ट्रा यांसाठी विचारत असाल तर आम्ही हे विकणारच नाही. ऑक्टापॅड घ्या, त्याला तोड नाही. ॲनालॉग आवाज हवा आणि आपली हलगीही हवी असेल, तर स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचं ॲनालॉग रिटम पाहा. २०१४ पासून आहे, आठ ॲनालॉग आवाज, बारा पॅड, आणि सॅम्पल आत घेतं. ८०८ आणि त्याच्या नंतरच्या ९०९ चाच ठसका हवा असेल तर रोलंडचं टीआर-८एस डिजिटल असलं तरी काम चोख करतं. पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर कॉर्गचं छोटं वोल्का बीट्स घेऊन सहा महिने खेळा. टेम्पेस्ट त्यानंतर.

जुनं घेताना, आमच्याकडून किंवा कुठूनही

सोळाही पॅड एकेक करून हलक्या बोटाने वाजवा. जोरात सगळेच वाजतात, खरी परीक्षा हळू मारल्यावर. प्रत्येक नॉब सावकाश फिरवून आकडा उड्या मारतो का ते स्क्रीनवर बघा. मशीन वीस मिनिटं तापू द्या आणि सूर मग लावा. ॲनालॉग सर्किट थंड असताना थोडं सरकतं, तो दोष नव्हे. सहाही जॅकमधून आवाज येतो का ते तपासा. विकणारा नेहमी हेडफोनवरच ऐकवतो, म्हणून हे राहून जातं.

आणि कोणी जपानहून जुनं ८०८ आणलं असेल तर प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. तिकडचा माल १०० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३० आहेत. असं एक मशीन आमच्या टेबलावर धूर निघाल्यावरच आलं होतं. ट्रान्सफॉर्मर बदलून मिळाला, दोन आयसी (चिप) मिळाल्या नाहीत.

ऐकून बघायचं असेल तर

दुपारी तीननंतर या, सकाळी दुरुस्तीचं काम असतं. स्वतःचा नेहमीचा हेडफोन आणा, आमच्याकडचा नको; ओळखीच्या कानानेच फरक कळतो. अर्धा तास मशीन तुमच्या ताब्यात, मागे कोणी उभं राहणार नाही. भाड्याने न्यायचं असेल तर ओळखपत्राची प्रत आणि अनामत लागेल. नेऊन पुढे विकत घेतलंत तर भरलेलं भाडं किमतीतून वजा करतो. फॉर्मवरचा पहिला प्रश्न मात्र रिकामा सोडू नका.