गोली रिटायर कधी होतो?

कोकणात माजी फुटबॉलपटूंच्या मानधनाचा विषय निघाला की गाडी 'निवृत्त' या शब्दावर अडते. फॉरवर्ड, बॅक यांचं त्यातल्या त्यात सोपं असतं: पळणं जमेना झालं की थांबले. गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, मात्र चाळिशी उलटली तरी गावच्या टुर्नामेंटला उभा करतात, कारण त्या जागी दुसरा कोणी उभा राहायला तयार नसतो. त्यातून तो मुंबईच्या एखाद्या ऑफिस टीमचा असेल, तर दोनदा रिटायर झालेला असतो. मैदानातून पस्तिशीच्या आसपास आणि नोकरीतून अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी. अर्जावर यातली कुठली तारीख लिहायची? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉलचा सगळा इतिहास अडकलेला आहे.

मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा 1891 साली सुरू झाली. गोलीने हात फक्त स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये लावायचा, हा नियम 1912 चा. तो काळ आपल्या विषयाला फारसा लागत नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या पोरांची गोष्ट सुरू होते ती बँका, रेल्वे, गोदी, गिरण्या आणि सरकारी कंपन्यांच्या संघांपासून. रातराणीने मुंबई गाठायची, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकायची आणि ट्रायल द्यायची. घरून एकच प्रश्न ठरलेला असे: "बॉल धरून पोट भरतला काय?" भरत असे. कागदावर हे खेळाडू हौशी. खेळाचा पगार नाही, पगार शिपायाचा नाहीतर क्लार्कचा. पण तो दर महिन्याला होई, पीएफ कापला जाई आणि गुडघा गेला तरी टेबल राही.

या व्यवस्थेचा खरा फायदा झाला तो दुसऱ्या गोलीला. दहा जागांवर खेळाडू आलटून पालटून खेळवता येतात. गोलात मात्र एकच उभा राहतो, आणि पहिल्याला काही झालं नाही तर दुसरा हंगामभर ट्रॅकसूट घालून बसून. ऑफिसच्या पगारपत्रकात या बसण्याला फरक पडत नसे. किती मॅच खेळलास, असं अकाउंट्स खात्याने कधी विचारलं नाही.

राष्ट्रीय लीग 1996 ला सुरू झाली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली आणि कराराचे दिवस आले. ज्या निर्णयावर आजही जुने लोक तावातावाने बोलतात, तो 2013 चा. त्या वर्षी दोन सरकारी कंपन्यांचे मुंबईतले संघ आय-लीगबाहेर गेले. आशियाई क्लब परवान्याच्या अटींत ऑफिस टीम बसत नव्हती. क्लब म्हणजे स्वतंत्र संस्था हवी, तिचे ज्युनियर संघ हवेत, हिशेब वेगळे हवेत. निर्णयाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की ऑफिसला प्रेक्षक नसतो, आणि कायम नोकरी मिळालेला खेळाडू सुस्तावतो. हे अगदीच खोटं नाही. बत्तिसाव्या वर्षी पोट सुटलेले खेळाडू मी मुंबईच्या कुपरेज मैदानावर पाहिले आहेत. पण मग बाहेर काय होतं? राष्ट्रीय लीगचं 2005-06 चं विजेतेपद मिळवलेला, एका वाहन कंपनीचा मुंबईतलाच संघ मालकांनी 2010 मध्ये बंद केला. असा संघ बंद झाला की करारावरच्या खेळाडूने दुसरा संघ शोधायचा. ऑफिसवाल्याची टीम लीगबाहेर गेली, नोकरी जागेवर होती. 'व्यावसायिक' हा शब्द वजनदार खरा, पण खालच्या डिव्हिजनमध्ये त्याचा अर्थ अनेकदा आठ-नऊ महिन्यांचा कागद एवढाच निघतो. दुसऱ्या गोलीच्या वाट्याला तर तोही कठीणच.

सरकारी वाट उघडी होती, म्हणजे आजही आहे. राज्य सरकारने एप्रिल 2005 मध्ये नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा ठेवल्या. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. म्हणजे दार उघडलं आणि सहा महिन्यांत आतली खुर्ची काढून घेतली. जुन्या गोलीचं दुसरं रिटायरमेंट सुखाचं गेलं ते त्या खुर्चीमुळे, हे विसरून दोन्ही पिढ्यांना एकाच फॉर्मवर मोजणं मला पटत नाही.

बांदा, सातार्डा, आरोंदा या पट्ट्यातल्या पोरांना मुंबईपेक्षा म्हापसा जवळ. गोव्यातल्या खाण कंपन्यांचे संघ म्हणजे आपल्या ऑफिस टीमचेच भाऊ. पण 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2016 मध्ये तिथले तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आता बरेच जण तिथे गावोगावच्या बक्षिसाच्या टुर्नामेंटला 'पाहुणा' म्हणून जातात. मॅचचे पैसे हातावर, दुखापत आपली आपण बघायची.

त्यात गोलीचं कामही बदललं. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल हातात घ्यायला 1992 पासून बंदी आली. टीव्हीवरच्या हिरवळीवर गोली तो बॉल थांबवून पास देतो. जांभ्याच्या मैदानावर तो खड्याला लागून कुठे उडेल ते देवाला ठाऊक. बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर, हा 2025 चा नियम तर जुन्यांना अजून पचलेला नाही. तरी थांबल्यावर बहुतेक जण याच खेळाच्या आसपास राहतात. कोणी डी लायसन्स हा प्रशिक्षकाचा परवाना काढून शाळेची पोरं घेतो, कोणी पंचाची शिट्टी. बाकीचे कलमांच्या बागेकडे, रिक्षाकडे, नाहीतर घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देण्याकडे वळतात.

वेंगुर्ल्यात एका जुन्या गोलीकडे मानधनाचा फॉर्म भरायला मी बसलो होतो. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं वाकडं, कप धरता येत नाही म्हणून चहा बशीत ओतलेला. 'निवृत्तीचा दिनांक' या रकान्यापाशी त्याने पेन खाली ठेवलं. आधी ऑफिसच्या सेंड ऑफची तारीख सांगितली, मग ती खोडायला लावली. शेवटी म्हणाला, "ऱ्हवांदे. येत्या रविवारी कॅम्पावर मॅच आसा, आमका गोली मिळाक नाय."