खमकी नायिका फक्त छोट्या सिनेमातच?

"खमकी बाई बघायची तर समांतर सिनेमा; धंद्याच्या पिक्चरमधली हिरॉईन नुसती नाचायला," हे सोलापुरात चहाच्या गाड्यावर अजून ऐकू येतं. चूक आहे. १९३५ सालीच 'हंटरवाली'त नटी नाडिया चाबूक घेऊन गुंडांना लोळवत होती, आणि तो पक्का गल्लाभरू पिक्चर! शोभेच्या बाहुल्या धंद्याच्या पिक्चरमध्येच जास्त, हे कबूल.

पण आपल्याच जिल्ह्यातलं बघा. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंच्या छोटेखानी 'फँड्री'त (२०१३) शालू जवळजवळ बोलतच नाही. ती दिसते नायक जब्याच्या नजरेतून. त्यांच्याच तुफान चाललेल्या 'सैराट'मध्ये (२०१६) आर्ची बुलेट दामटते, ट्रॅक्टर चालवते, परश्याकडे बिनधास्त रोखून बघते. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, त्यामुळे बोलीही अस्सल. लाजतो तो परश्या.