पासवर्ड संगणकालाही ठाऊक नसतो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना डोळ्यांपुढे आणा. ऑफिसातल्या एकाच संगणकावर टॅलीचे हिशेब, जीएसटीची बिलं आणि जॅकार्डच्या डिझाइनच्या फाइली. पासवर्ड ठाऊक फक्त मुनीमजींना, आणि गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपवून आल्यावर त्यांना तो काही केल्या आठवेना. मग सीपीयू रिक्षात घालून नवी पेठ गाठायची. दुकानातला पोरगा विचारतो, "मालक, डेटा ठेवायचा का उडवायचा?" मालकांचं म्हणणं भलतंच असतं. "उडवायचा कशाला? यातच कुठंतरी पासवर्ड लिहिलेला असंल की, तेवढा काढून दे."

तो लिहिलेला नसतो. विंडोज असो की लिनक्स, तुमचा पासवर्ड काय आहे हे खुद्द संगणकालाच माहीत नसतं.

पूर्वी असायचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटानं १९६१ साली सीटीएसएस ही यंत्रणा दाखवली. एकच संगणक अनेकांनी वापरायचा, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आला. हे सगळे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले. एके दिवशी दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढं रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून आली! यावरचा खरा इलाज त्याच दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी काढला. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा हॅश साठवायचा.

हॅश म्हणजे गणितानं केलेली कुटाई. शेंगा कुटून चटणी करता येते, चटणीतून शेंगा परत काढता येत नाहीत. फरक एवढाच की हे कुटणं कमालीचं काटेकोर असतं. तोच पासवर्ड दिला की दरवेळी नेमका तोच हॅश निघतो, आणि एक अक्षर बदललं की सगळा हॅश बदलतो. पासवर्ड चार अक्षरी असो की चाळीस, विंडोजचा हॅश १२८ बिटांचाच, म्हणजे ० किंवा १ अशा १२८ खुणांचा. तुम्ही पासवर्ड टाइप केलात की संगणक त्याचा हॅश काढतो आणि साठवलेल्या हॅशशी ताडून बघतो. जुळला तर दार उघडतं.

म्हणजे विसरलेला पासवर्ड 'काढून देणं' हा प्रकारच नाही. अंदाज मात्र करता येतो: एकेक शब्द घ्यायचा, हॅश काढायचा, जुळतो का बघायचं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड एकूण सुमारे २०,८८२ कोटी होतात. आकडा मोठा वाटतो, पण विंडोजचा हॅश इतका झटपट निघतो की चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही सेकंदांचं काम. त्यात माणसं तऱ्हेतऱ्हेचे पासवर्ड ठेवतात असंही नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात ३,२८९ पासवर्ड तपासल्याचं लिहिलं आहे. त्यातले ८६ टक्के फार आखूड नाहीतर शब्दकोशात सापडणारे किंवा तसेच सहज ओळखू येणारे होते. याच दोघांनी युनिक्स या संगणक यंत्रणेत 'सॉल्ट' आणलं. हॅश काढण्याआधी पासवर्डात एक यादृच्छिक संख्या मिसळायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात आणि आधीच तयार करून ठेवलेल्या हॅशच्या याद्या कुचकामी ठरतात. विंडोजच्या स्थानिक, म्हणजे फक्त त्याच संगणकावर असलेल्या खात्याच्या हॅशमध्ये हे सॉल्ट आजही नाही, याचं नवल वाटतं.

दुकानदार बहुतेक वेळा अंदाजाच्या भानगडीत पडतच नाही. तो पेन ड्राइव्हवरून दुसरीच यंत्रणा सुरू करतो आणि हॅशची जागा कोरी करतो किंवा नवा पासवर्ड बसवतो. विंडोज झोपलेली असताना तिच्या फाइलींवर पहारा कोण देणार? लिनक्सचंही तेच. मशीन हातात असलेल्या माणसापुढं लॉगिनचा पासवर्ड फार काही अडवू शकत नाही, हे ऐकून बरेच जण दचकतात. दुकानदारानं आधी बिल किंवा ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे परवानगीविना शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

असा पासवर्ड बदलला की टॅलीच्या फाइली जागच्या जागी सापडतात, पण ब्राउझरनं जपलेले पासवर्ड गायब होऊ शकतात. विंडोज त्यांना ज्या किल्लीनं कुलूपबंद करते, ती जुन्या पासवर्डावरून बनलेली असते. पुढं कधी जुना पासवर्ड आठवलाच, तर तोच परत ठेवून बघावा. बऱ्याचदा कुलूप उघडतं.

डिस्कच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी असेल तर खेळ पार बदलतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे एन्क्रिप्शन, चालू असलेल्या डिस्कवर फाइली उघड्या पडलेल्याच नसतात, त्यामुळं पेन ड्राइव्हवाल्याला कोरी करायला हॅशसुद्धा सापडत नाही. इथं लागते ४८ अंकी रिकव्हरी की. सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ नं नि:शेष भाग जातो. एखादा अंक चुकला तर भाग जात नाही, आणि चूक त्याच गटात आहे हे लगेच कळतं. भागाकारातून मिळते ती १६ बिटांची संख्या. आठ गुणिले सोळा, १२८ बिट. एवढ्या शक्यता म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. तिथं कितीही ग्राफिक्स कार्डं लावा, काही उपयोग नाही. आजच्या मॅकमध्येही डिस्क मुळातच एन्क्रिप्ट असते.

अर्थात एवढ्यापर्यंत जायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघावी. मराठी टायपिंग होणाऱ्या ऑफिसांत पासवर्ड बरोबर असतो, पण अक्षरं देवनागरीत उमटत असतात, आणि ठिपक्यांमुळं ते दिसत नाही. रकान्याशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की उलगडा होतो. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर मोबाइलवरूनही पासवर्ड बदलता येतो. स्थानिक खात्यासाठी विंडोज १० मध्ये २०१८ पासून सुरक्षा प्रश्न आहेत, ते आधी भरून ठेवले असतील तर.

नव्या लॅपटॉपची गोम आणखी वेगळी. विंडोज ११ चं मशीन मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलं की बहुतेकदा एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. आपल्याकडं मात्र नवा लॅपटॉप अनेकदा दुकानातलाच पोरगा 'सेट करून' देतो, कधी स्वतःच्या, कधी भलत्याच ईमेलनं. ती रिकव्हरी की त्या खात्यात पडून राहते आणि मालकांना खात्याचं नावही ठाऊक नसतं. मशीन सुरळीत चालू असतानाच खात्यात शिरून ती आपल्याकडं दिसते का ते बघावं, आणि दिसली तर छापून कारखान्याच्या कागदपत्रांच्या फाइलीला लावून टाकावी.