ह्यूस्टनचा ओझोन: समुद्रावर गेलेली घाण परत का येते, आणि विमानांनी नक्की काय पकडलं

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या केटी नाहीतर शुगर लँड या उपनगरांत कुणी नातेवाईक असेल तर ऐकलं असेल, आज ओझोन अलर्ट आहे (म्हणजे जमिनीलगत श्वासाला त्रास देणारा ओझोन वायू वाढलाय), मुलांना दुपारी बाहेर सोडू नका म्हणून. एवढं मोठं शहर, एवढ्या गाड्या, मग प्रदूषण होणारच असं आपल्याला वाटतं, पण ह्यूस्टनचं प्रकरण जरा वेगळंय.

सुरुवात १९१४ ला. मेक्सिकोच्या आखातातून थेट शहरापर्यंत जहाजं यावीत म्हणून शिप चॅनल खोल करून खुला केला आणि मग हळूहळू त्याच्या काठाने रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर लागायला लागलं तशी पेट्रोकेमिकलवाल्यांची चांदीच झाली. बेटाऊन, डियर पार्क, टेक्सास सिटी, सगळीकडे चिमण्या. तरी ओझोनसाठी बदनाम होतं ते लॉस एंजेलिसच. १९९९ मध्ये मात्र ह्यूस्टनने त्यालाही मागे टाकलं आणि मग सगळे खडबडून जागे झाले.

आता वाऱ्याचं बघू. खारे वारे, मतलई वारे आपण सगळ्यांनीच भूगोलात घोकलेत, तेच इथे. सकाळी हलका वारा चिमण्यांमधले वायू गॅल्व्हेस्टन बेवर नेऊन सोडतो, पाण्यावर हवेचा मिसळणारा थर उथळ असतो त्यामुळे ते वर पसरून विरळ होत नाहीत. नायट्रोजन ऑक्साईड आणि इथिलीनसारखे तेल-रसायनांचे वायू उन्हात एकत्र आले की ओझोन बनतो, म्हणजे इथे सगळं आयतंच. दुपारच्या सुमाराला वारा पडतो, मग खाडीवरून आणि नंतर आखातावरून खारा वारा सुटतो आणि ते सगळं परत शहरावर. गंमत म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा जो वळत जातो ना, त्याचा पूर्ण फेरा ३० अंश अक्षांशावर साधारण २४ तासांचा पडतो, आणि ह्यूस्टन आहे २९.८ वर! म्हणजे जमिनीचं रोजचं तापणं-निवणं आणि वाऱ्याचं वळणं दोन्ही एकाच तालात. नशीबच म्हणायचं, वाईट अर्थाने.

जमिनीवरच्या मॉनिटरला यातलं फार थोडं दिसतं, कारण खाडीच्या पाण्यावर मॉनिटर कुठून येणार. म्हणून २००० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठी मोहीम काढली. इलेक्ट्रा नावाचं चार इंजिनांचं विमान, ऊर्जा खात्याचं जी-१, आणि लेझरने खालचा ओझोन मोजणारं एक जुनं डीसी-३. ३० ऑगस्टला डीसी-३ वाल्यांना हा परतीचा प्रवास जवळपास पूर्णच बघायला मिळाला. त्या दिवशी जमिनीवर ओझोन २०० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत २०० भाग) आसपास गेला, तेव्हाची तासाची मर्यादा होती १२०.

पण माझ्या मते खरी बातमी वाऱ्याची नव्हतीच, कारखान्यांच्या हिशेबाची होती. इलेक्ट्रा एकेका कारखान्यावरून वारा ज्या बाजूला वाहतोय तिथे त्याला आडवं जायचं, सेकंदाला शंभरेक मीटर, त्यामुळे कुठला लोट कुठून आलाय ते वेगळं कळायचं. चिमणीतल्या नायट्रोजन ऑक्साईडचे विमानातले आकडे कारखान्यांनी सरकारला दिलेल्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळले, कारण मोठ्या चिमण्यांवर मीटर बसवलेले असतात. त्याच लोटातलं इथिलीन आणि प्रॉपिलीन मात्र कागदावरच्यापेक्षा दहापट, कुठे कुठे त्याहूनही जास्त निघालं. विमान चुकलं म्हणावं तर नायट्रोजन ऑक्साईड कसं जुळलं? या गोष्टी व्हॉल्व्ह, फ्लेअर (जादा वायू जाळायची मशाल), कूलिंग टॉवर अशा ठिकाणांहून सुटतात, तिथे कोणी मोजत नव्हतं, फॉर्म्युला लावून अंदाज टाकायचे. आणि हे दोन वायू ओझोन इतक्या झपाट्याने बनवतात की थोडी गळतीसुद्धा महागात पडते.

त्यावेळी टेक्सासचा प्लॅन होता कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साईड ९० टक्क्यांनी कमी करायचे. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००२ मध्ये ते ८० टक्क्यांवर आणून वर या इथिलीन-प्रॉपिलीनसारख्या वायूंवर वेगळे नियम घातले. कंपन्यांना सूट मिळाली असं म्हणणारे होते, पण विमानाचे आकडे बघता नेम तरी बरोबर जागी लागला असं मला वाटतं. २००६ मध्ये नोआचं (अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेचं) पी-३ विमान तिथे उडालं तेव्हा शिप चॅनलवर इथिलीन साधारण ४० टक्के कमी सापडलं, पण कागद आणि हवा यांच्यातली तफावत काही मिटली नव्हती.

नंतर सप्टेंबर २०१३ मध्ये नासाचं पी-३बी आलं, ते ठरलेल्या आठ ठिकाणांवर गोल गोल घिरट्या घालत वरखाली व्हायचं, म्हणजे त्या जागेवरचा हवेचा अख्खा उभा काप मिळायचा. २०२१ मध्ये वर नासाचं जेट आणि खाली खाडीत चक्क कोळंबी धरणाऱ्या बोटीवर ओझोनचं मशीन बसवलं, कारण पाण्याला अगदी लागून काय चाललंय त्याची मोजमापं फार कमी होती. तोवर मर्यादाही बदलली होती, २०१५ पासून ती आठ तासांच्या सरासरीला ७० पीपीबी आहे, आणि त्यात ह्यूस्टन अजून बसलेलं नाही.