६१७४ ही कापरेकर संख्या नव्हे

मुक्तिदिनाचे झेंडे उतरतात न उतरतात तोच २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन येतो, आणि गोव्यातल्या शाळांच्या फलकांवर पुन्हा तेच वाक्य झळकतं: ‘६१७४ ही कापरेकर संख्या आहे.’ नाही हो! ६१७४ हा कापरेकर स्थिरांक. दोन्ही शोध देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर मास्तरांचे, नातं तेवढंच.

स्थिरांकाचा खेळ बहुतेकांना येतो, म्हणून भरभर सांगतो. पणजीच्या कदंब स्टँडवर समोरच्या बसचा नंबर ३४०८ आहे असं धरा. अंक उतरत्या क्रमाने ८४३०, चढत्या क्रमाने ०३४८, वजाबाकी ८०८२. मग ८८२०−०२८८=८५३२. मग ८५३२−२३५८=६१७४. इथून पुढे हलायचं नाव नाही. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोचतो. मात्र पुढचं शून्य खाऊ नका. २१११−१११२ म्हणजे ०९९९. त्याचं ९९९ केलंत की पुढच्या फेरीत हाती शून्य, आणि मग ‘हे खोटं आहे’ म्हणायला मोकळे.

कापरेकर संख्येत फेऱ्या नाहीत, वजाबाकीही नाही. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे पाडायचे, बेरीज करायची. मूळ संख्या परत आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २०+२५=४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४+२०९=७०३. (उजवा तुकडा नुसती शून्यं असेल तर धरत नाहीत, नाहीतर १० आणि १०० सुद्धा घुसतील.) आता ६१७४ चा वर्ग करा: ३८११८२७६. ३८११+८२७६=१२०८७. नापास.

खरा घोळ मात्र रीतीचा नाही. ४५ कापरेकर संख्या आहे की नाही, हे एकट्या ४५ कडे बघून ठरतं. बाकीच्या संख्यांचा संबंध नाही. ६१७४ चं मोठेपण मात्र इतर संख्यांमुळे आहे. सगळ्या तिथे येतात, म्हणून तो स्थिरांक. याला ‘जादू’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ−ड)+९०(ब−क) इतकीच येते. म्हणजे उत्तर दोन फरकांवर ठरतं, आणि अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४. हजारो संख्या पहिल्याच फेरीत ५४ उत्तरांत कोंबल्या जातात; त्या ५४ हाताने तपासल्या की काम झालं. दहावीचं पोर एका दुपारी करील. म्हणूनच स्थिरांक चार अंकांत एकच, तीन अंकांत ४९५, आणि दोन अंकांत मुळी नाहीच. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. कापरेकर संख्यांना मात्र अंत नाही: ९, ९९, ९९९ सगळ्या त्यातल्याच.

प्रश्नमंजूषेत विचारायचंच असेल तर ४९५ आणि ४९५० विचारा. ४९५ चा वर्ग २४५०२५; २४५+२५=२७०, नापास. ४९५० चा वर्ग २४५०२५००; २४५०+२५००=४९५०, पास. आणि हीच ४९५० वजाबाकीच्या फेरीत घातलीत तर ९०८१, ९६२१, ८३५२ करत चौथ्या फेरीत ६१७४.